पोत्यातले बूट आणि अक्कांचं ‘साकु’

डॉ. सुनंदा इनामदार यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी मला दारातूनच परत पाठवलं होतं. गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात अशी करणं बरं दिसत नाही, हे मला कळतं. पण संपादक मंडळाने ‘पहिल्या परिचयापासून लिहा’ असं सांगितलं आणि माझा पहिला परिचय हाच आहे, त्याला मी काय करणार?

मी धारवाडच्या एका हायस्कुलात शारीरिक शिक्षण शिकवतो. मैदानावर माझा आवाज मोठा आणि मैदानाबाहेरही फारसा लहान नाही, असं माझी बायको म्हणते. त्या वर्षी आमच्या फुटबॉल संघातल्या दोन मुलांच्या टाचा दुखायला लागल्या होत्या. बारा-तेरा वर्षांची मुलं शाळेचा जिना चवड्यांवर चढायची. मी आधी दटावून पाहिलं, मग तेल चोळायला सांगितलं. शेवटी कोणीतरी म्हणालं, हुबळीत केशवापूरला एक फिजिओथेरपिस्ट बाई आहेत, सगळे त्यांना अक्काच म्हणतात, त्यांना दाखवा. एका शनिवारी शाळा सुटल्यावर दोघांना घेऊन गेलो. डॉक्टरांकडे जायचं म्हणून मुलांच्या आयांनी पोरांना इस्त्रीचे कपडे आणि ठेवणीतले बूट घातले होते. मीसुद्धा काळ्या बुटांना पॉलिश करून गेलो होतो. झिजकी चप्पल घालून डॉक्टरांकडे जायची आमच्याकडे पद्धतच नाही.

अक्कांनी आमच्या सहाही पायांकडे पाहिलं आणि विचारलं, “लग्नाला निघालात काय हो? रोज खेळताना घालतात ते बूट कुठायत?”

“ते घाण झालेत, डॉक्टर.”

“मग तेच हवेत मला. पोरं राहू देत इथं. तुम्ही जाऊन जुने बूट घेऊन या. आणि एवढं येताच आहात तर सगळ्या संघाचेच आणा.”

मला राग आला. हुबळी-धारवाड काही शेजारची गल्ली नव्हे. पण मुलांसमोर काय बोलणार? गेलो. शाळेच्या खोलीतले सगळे बूट एका गोणपाटाच्या पोत्यात भरले आणि बसमध्ये चढलो. कंडक्टर नाकाला रुमाल लावून आला. “एन्री इदु? सत्त नायीना?” मेलेलं कुत्रं नेताय काय, असं तो विचारत होता. मी म्हटलं, नाही हो, फुटबॉलचे बूट आहेत. तो म्हणाला, त्यापेक्षा कुत्रं बरं होतं.

अक्कांच्या दवाखान्यामागे शहाबादी फरशीचा सोपा आहे. तिथं त्यांनी पोतं ओतलं, बूट जोडीजोडीने मांडले आणि स्वतः फरशीवर मांडी घालून बसल्या. एकेक बूट उचलायचा, तळ बघायचा, आत हात घालून सुकतळा चाचपायचा, मग बोलायचं. “हा डावा पाय आत टाकतो.” “हा बूट याचा नाही, थोरल्या भावाचा आहे.” “याचा अंगठा पुढं आपटतोय, नख काळं झालंय काय बघा.” एक बूट त्यांनी बराच वेळ उलटापालटा केला. “हे पोरगं धावतच नाही की हो!” तो आमचा गोलकीपर होता. मी चाट पडलो. मुलं मी रोज दोन-दोन तास पाहत होतो, आणि त्यांच्या पायांबद्दल मला यातलं काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं.

टाचांचं कारण त्यांनी मला सोप्या शब्दांत सांगितलं. या वयात हाड भराभर वाढतं, पोटरीचा स्नायू मागं राहतो आणि टाचेला तो ओढत राहतो. त्यात टणक मैदानावर धावणं आणि उड्या. टाच बिघडलेली नाही, थकलेली आहे. मग मुलांकडे वळून त्या म्हणाल्या, “तीन आठवडे साकु.” साकु म्हणजे पुरे, हे आमच्या भागात मराठी मुलांनाही सांगावं लागत नाही. एक मुलगा रडवेला झाला. अक्कांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, “खेळ साकु म्हटलं नाही रे मी. आज साकु म्हटलं.”

तेव्हापासून अक्का दर शनिवारी आमच्या मैदानावर येऊ लागल्या. त्यांना बोलावलं कोणी, ते मला आठवत नाही. बहुधा कोणीच नाही. येताना हातात एक पिशवी, पिशवीत चुन्याची डबी आणि दोरी. कोपऱ्यात फक्की मारून त्या चौकोन आखायच्या, त्यात मुलांना एका पायावर उभं करायच्या आणि पायाचा कोणता भाग आधी डगमगतो ते बघायच्या. कानडी मुलाशी कानडीत, मराठी मुलाशी मराठीत आणि माझ्याशी जरा चढ्या आवाजात बोलायच्या.

आमच्यासारख्या शिक्षकांना त्यांनी एक गोष्ट पक्की समजावली. मुलगा सकाळी शाळेच्या संघात खेळतो, संध्याकाळी क्लबात, रविवारी गावाच्या टूर्नामेंटमध्ये. तिन्ही ठिकाणचा सर म्हणतो, मी तर तासभरच पळवतो. “सर तीन आहेत हो, पण पाय त्याचे दोनच आहेत,” असं अक्का म्हणाल्या तेव्हा आम्ही तिघं सर तिथंच उभे होतो आणि एकमेकांकडे बघत होतो.

इथपर्यंतचं सगळं अक्कांच्या परिचयाची मंडळी जाणतात. यापुढचं मी आजवर कुठं बोललेलो नाही. अक्कांच्या षष्ट्यब्दीच्या ग्रंथात ते आलं नाही तर माझा हा लेख म्हणजे नुसता हार-तुरा होईल, म्हणून लिहितो.

रेणुका ही अळणावरजवळच्या एका खेड्यातली मुलगी. वडील यल्लाप्पा धारवाडजवळ बेलूरच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यात कामाला, आई शेतावर. मुलगी धारवाडला नातेवाइकांकडे राहून आमच्याच शाळेत शिकत होती. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत डाव्या बगलेवर, म्हणजे लेफ्ट विंगला, अशी खेळाडू मी दुसरी पाहिली नाही. चेंडू पायाला चिकटल्यासारखा न्यायची आणि एकदम आत वळायची. तिला थांबवायला येणारी मुलगी भलतीकडेच धावत जायची. राज्याच्या संघाची निवड जवळ आली होती आणि ती निवडली जाणार, याबद्दल मला शंका नव्हती. सगळ्यांत पुढे मीच ते सांगत फिरत होतो.

मुलींच्या संघाला त्या उन्हाळ्यात नवे बूट मिळाले. एका सद्गृहस्थांनी देऊ केले होते, निवडायचं काम माझं. सुभाष रोडवरच्या दुकानात मी तासभर बसलो आणि दोन चुका करून उठलो. वाढती पावलं आहेत, पुढच्या वर्षीही चालतील म्हणून एकेक नंबर मोठा घेतला, पुढे कापूस भरायचा. आणि टीव्हीवरच्या खेळाडूंसारखे लांब खिळ्यांचे घेतले, कारण ते रुबाबदार दिसतात. ते खिळे ओल्या हिरवळीत रुतण्यासाठी असतात. आमचं मैदान तांबड्या मातीचं, आणि उन्हाळ्यात ती माती तव्यासारखी टणक होते. खिळा रुतत नाही. तळव्याला जमीन लागतच नाही, सगळं अंग चार-सहा टोकांवर तोललेलं. त्यात बूट ढिला, आत पाय सरकतो. रेणुकाची वळायची लकब अशी, की वळताना सगळा भार डाव्या पावलाच्या बाहेरच्या कडेवर यायचा. हे मी आज लिहितोय ते अक्कांनी शिकवलं म्हणून. तेव्हा मी फक्त संघाचा फोटो काढून घेतला.

महिन्याभरात रेणुका पावलाची बाहेरची कड चोळायला लागली. मी तिला अक्कांकडे नेलं, तेवढी अक्कल होती. अक्कांनी करंगळीच्या मागच्या हाडावर बोट ठेवलं आणि पोरीने श्वास ओढला. एक्स-रे काढला, त्यात ठळक काही दिसलं नाही. अक्का म्हणाल्या, “फोटोत उशिरा दिसतं. हाड आत्ताच सांगतंय. बारीक तडा जायला लागलाय. सहा आठवडे साकु. आणि ते बूट सगळ्यांच्या पायातून काढा.”

निवडीचा सामना तीन आठवड्यांवर होता.

बूट काढले, पण सगळ्यांच्या नाही. रेणुकाला दोन आठवडे बसवली. मग वाटलं, एक्स-रे तर चांगलाच आहे! बायका जरा जास्तच घाबरतात, असंही मी मनात म्हटलं, लपवत नाही. सामन्याच्या सकाळी तिला विचारलं, दुखतंय का? ती म्हणाली, “नाही सर.” मी तिच्या डोळ्यांकडे बघितलंच नाही. पावलाला घट्ट टेप गुंडाळला, वर मोजा चढवला, तेच लांब खिळ्यांचे बूट घातले आणि हुबळीच्या मैदानावर उतरवली. केशवापूर तिथून दोन मैलांवर. अक्कांना कळू नये म्हणून आम्ही कोणी त्यांना सामन्याचं बोललो नव्हतो.

पहिल्या अर्ध्यात ती अशी खेळली, की निवड समितीतले एक गृहस्थ उठून उभे राहिले. दुसऱ्या अर्ध्यात ती एकटीच होती, जवळ कोणी नाही, नेहमीसारखी आत वळली आणि खाली बसली. पडली नाही, बसली. ओरडली नाही. तिने फक्त मान वळवून माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याने मला अजून कधी कधी भर वर्गात बोलता बोलता थांबायला होतं.

मी सगळ्यांना सांगितलं, खड्ड्यात पाय गेला. रिक्षात घालून अक्कांकडे नेली. बेलूरहून यल्लाप्पाही कारखान्याच्या कपड्यांतच येऊन पोचले. अक्कांनी बूट सोडला, मोजा उतरवला आणि टेप दिसला. त्यांचे हात क्षणभर थांबले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. कात्रीने टेप कापला, घडी करून टेबलाच्या खणात टाकला आणि पाऊल तपासत राहिल्या.

“अक्का, कसं झालंय की हे?” यल्लाप्पांनी विचारलं.

“तडा आधीपासून होता, अप्पा,” अक्का म्हणाल्या. “मी ओळखला होता. मलाच आणखी ठामपणे सांगायला हवं होतं.”

यल्लाप्पा खाली मान घालून म्हणाले, “पाय तेवढा बरा करा. खेळ बंद तिचा आता.”

“पाय आधी बरा होऊ दे. मग भांडू आपण.”

ते औषधं आणायला गेल्यावर मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. अक्कांनी हात वर केला. “साकु, सर. उद्यापासून संध्याकाळी पाच वाजता इथं यायचं. पाय म्हणजे काय ते शिकायचं.” एवढंच. त्या ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

रेणुकाचं ऑपरेशन झालं, हाडात स्क्रू बसवला. धारवाडच्या नातेवाइकांकडे दिवसा घरी कोणी नसायचं, आणि गावात बसथांब्यापासून घर लांब, कुबड्या घेऊन जाणार कशी? अक्कांनी तिला सरळ आपल्या घरी ठेवून घेतलं. अक्कांच्या स्वयंपाकघरात भिंतीला कॅलेंडर होतं, दुधाचा खाडा झाला की त्यावर फुली मारायची. बसून बसून कंटाळलेल्या रेणुकाने त्या फुल्यांशेजारी पेनाने ठिपके द्यायला सुरुवात केली. आज पाय टेकला, एक ठिपका. आज सोप्यापर्यंत चालले, एक ठिपका. ज्या दिवशी दोन ठिपके पडले, त्याच्या दुसऱ्या दिवशी पाऊल सुजलं. अक्का कॅलेंडरसमोर चहाचा कप घेऊन कितीतरी वेळ उभ्या होत्या, हे मी पाहिलेलं आहे. आज आमच्या भागातल्या बहुतेक खेळणाऱ्या मुलांच्या घरी दुधाच्या फुलीशेजारी खेळाचा ठिपका असतो आणि एका तारखेला दोन ठिपके दिसले की आईचा फोन येतो, “सर, आज पोरगं येणार नाही बघा.” शिकलेली-न शिकलेली कुठलीही आई हे करू शकते. त्या पद्धतीचं कौतुक झालं की अक्का सांगतात, ती रेणुकाची आहे.

मी रोज पाच वाजता जात होतो. फरशीवर बसून लोकांचे बूट वाचायला शिकलो. पहिल्या आठवड्यात अक्कांनी माझाच बूट माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, सांगा. मी म्हटलं, हा माणूस टाचेवर जोर देऊन चालतो. “हां,” त्या म्हणाल्या, “आणि मागं वळून बघत नाही.” ते बुटावरून कळलं की आणखी कशावरून, हे मी विचारलं नाही.

यल्लाप्पांचं मन वळायला पाय बरा होण्यापेक्षा जास्त वेळ लागला. अक्का दोनदा अळणावरला जाऊन आल्या. वाद घातला नाही, चहा पिऊन, पिकापाण्याचं बोलून परत आल्या. मग एक दिवस त्यांनी यल्लाप्पांना आमच्या मैदानावर बोलावलं. रेणुका पहिल्यांदा धावणार होती, पायात साधे, नीट मापाचे, आखूड खिळ्यांचे बूट. अक्कांनी माझ्या गळ्यातली शिट्टी काढून घेतली आणि यल्लाप्पांच्या हातात दिली. “अप्पा, तुम्ही वाजवाल तेव्हा ती थांबेल. सर नाहीत, मी नाही, तुम्ही.”

रेणुका धावली. आधी जपून, मग जरा मोकळी. फक्कीच्या रेषेपाशी गेली आणि आत वळली, तीच तिची लकब. यल्लाप्पा शिट्टी ओठांना लावून उभे होते आणि वाजवायचंच विसरले. ती चौथ्यांदा वळायला लागली तेव्हा कडेवरून अक्काच ओरडल्या, “साकु!” यल्लाप्पा डोळे पुसत हसायला लागले. तेव्हापासून दुखापतीनंतर मूल पहिल्यांदा धावतं तेव्हा शिट्टी आई-वडिलांच्या हातात द्यायची, हा आमच्याकडे रिवाज झाला आहे.

रेणुका त्या वर्षी राज्याच्या संघात गेली नाही. पुढच्या वर्षी गेली. आज ती अळणावरकडच्या एका शाळेत माझंच काम करते, माझ्यापेक्षा बऱ्या रीतीने.

हा लेख लिहायचं ठरलं तेव्हा मी अक्कांना विचारलं, टेपचं लिहू का? त्या म्हणाल्या, “मला काय विचारता? पाय कुणाचा होता?” म्हणून मागच्या महिन्यात मी अळणावरला गेलो. रेणुका ऐकून म्हणाली, “सर, दुखत नाही असं मीच म्हटलं होतं की.” मी म्हटलं, तू पंधरा वर्षांची होतीस. मी नव्हतो. मग यल्लाप्पांसमोर बसून सगळं सांगितलं. सामना, टेप, खड्ड्याची थाप. इतकी वर्षं मी असं धरून चाललो होतो, की त्या दिवशी अक्कांनी माझी अब्रू राखली, आणि त्या उपकाराखाली मी जरा वाकूनच वागत होतो.

यल्लाप्पांनी खांद्यावरचा टॉवेल काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, “त्या दिवशी हे कळलं असतं तर मी ती शिट्टी हातात घेतलीच नसती. पोरगीला तुमच्या मैदानावर परत पाठवलं नसतं, सर.”

परतीच्या बसमध्ये मला उमगलं. अक्का माझ्यासाठी गप्प राहिल्याच नव्हत्या! माझी अब्रू त्यांच्या हिशेबातच नव्हती. एक मुलगी परत धावावी, एवढंच त्या टेप कापताना बघत होत्या. खोटं त्या एक अक्षर बोलल्या नाहीत, खरं तेवढं ठेवून दिलं, टेपासारखं, घडी करून. इतका वेळ स्वतःलाच गोष्टीच्या मधोमध धरून बसल्याची मला लाज वाटली आणि अक्कांबद्दल जे वाटलं त्याला आदर हा शब्द पुरत नाही.

आता थोडं अक्कांविरुद्ध. गेले काही महिने त्यांची उजवी टाच दुखते आहे. दिवसभर उभं राहायचं, शनिवारी मैदान, रविवारी खेडी. आपल्या तब्येतीचं विचारलं की “काही नाही हो” म्हणून उडवून लावतात. मागच्या आठवड्यात मी दवाखान्यात गेलो असताना त्या आत होत्या. दाराशी त्यांच्या चपला होत्या. मी एक उचलून बघितली. सुकतळ्याला टाचेच्या जागी आरपार भोक. इतकी वर्षं साऱ्या मुलखाच्या चपला वाचणाऱ्या बाईंनी स्वतःची उलटूनसुद्धा पाहिली नव्हती. मी ती चप्पल पिशवीत घातली आणि सरळ रेणुकाला नेऊन दाखवली.

तर अक्का, आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं आहे. तुमच्या दवाखान्यात रेणुकाने नवं कॅलेंडर लावलं आहे, ते शोभेसाठी नाही. एका तारखेला एकच ठिपका, रविवार कोरा. अशी पुष्कळ कॅलेंडरं तुमच्या भिंतीवर यावीत, जुनी उतरवून ठेवायला जागा पुरू नये, आणि त्या सगळ्या वर्षांत तुमची दोन्ही पावलं न ठणकता जमिनीवर पूर्ण टेकत राहावीत, ही आमची मनापासूनची इच्छा. टाच बरी झाली की तुम्ही आमच्या मैदानाला पहिली फेरी मारायची. त्या दिवशी शिट्टी रेणुकाच्या हातात असेल. ती ‘साकु’ म्हणाली, की थांबायचं.